तंबूच्या दगडांना चुना

वाकडं काही दिसलं की माझा हात आपोआप तिकडे जातो. कुणाकडे पाहुणा म्हणून गेलो तरी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केल्याशिवाय मला चहा जात नाही. बायको म्हणते, "यांना चंद्रावर सोडलं तर तिथले खड्डे एका ओळीत आणून मगच परत येतील." मी सर्व्हेअर. जमीन मोजायची, खुंट्या ठोकायच्या, सरळ रेघ मारायची, हेच आयुष्यभर केलं. त्यामुळे हा स्वभाव नोकरीत गुण म्हणून खपून गेला. एकदाच खपला नाही, कतारमध्ये. ती हकिकत मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेली नाही.

फुटबॉलचा वर्ल्ड कप कतारला मिळाला होता आणि सगळा देश उकरून ठेवला होता. त्या वर्षांत कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर मिळायचं. रस्ता बंद का, तर वर्ल्ड कप. शुक्रवारची सुट्टी रद्द का, तर वर्ल्ड कप. शहरातल्या नजमा भागात आमच्या खोल्यांच्या खाली एक कॅफेटेरिया होता. तिथला चहा पातळ झाला तेव्हा तिथल्या केरळी माणसानेही मला हेच कारण दिलं होतं. आमच्या कंपनीकडे उत्तरेकडे जाणाऱ्या एका रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम होतं. कचेरी वेस्ट बेमधल्या एका मनोऱ्यात, बरीच वर. तिथे मी महिन्यातून दोनदा टाय लावून जायचो आणि मीटिंग संपली की पळून यायचो. माझं खरं ठिकाण म्हणजे उम्म सलाल मोहम्मदच्या पुढे, शेतांच्या कुंपणांपलीकडे, उघड्या माळावर टाकलेली आमची पत्र्याची केबिन.

माझ्याबरोबर फोरमन होते, रत्नागिरीकडचे, साठीला आलेले. सगळे त्यांना मामू म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. माझं आणि त्यांचं दिवसातून दोनदा वाजायचं आणि दुपारी डबा मात्र एकत्र उघडला जायचा. मी तापट, ते शांत. मी ओरडलो की ते खिशातून कंगवा काढून दाढी विंचरायचे. माझं ओरडून झालं की कंगवा खिशात.

सर्व्हिस रोड जिथून जाणार होता त्या पट्ट्यात काही दगड होते. गुडघ्याएवढेही नव्हते. एक अर्धवट गोल, एक तुटक ओळ, मध्ये तीन काळपट दगड आणि आजूबाजूला पसरलेले आणखी काही. सुरुवातीला माळाची मोजणी झाली तेव्हा आमच्या माणसाने त्या सगळ्या पसाऱ्यात एकदाच मोजणीच्या काठीवरचा प्रिझम धरला. एक रीडिंग घेतलं, नकाशावर एक ठिपका पडला आणि ठिपक्यापुढे लिहिलं गेलं, दगड. तो नकाशा मी तपासला आणि खाली सही केली. त्यात चुकीचं काही नव्हतं. दगडच होते ते.

मग एका सकाळी एक जुनी पिकअप धूळ उडवत आली आणि तिच्यातून एक कतारी गृहस्थ उतरले. सत्तरीच्या पुढचे, किरकोळ अंगाचे, हातात काठी आणि थर्मास. आमच्या खुंट्यांना लावलेल्या लाल फिती वाऱ्यावर फडफडत होत्या. त्यांनी त्या फिती पाहिल्या, मग मला पाहिलं. त्यांच्या शेतावर आपल्याकडची माणसं कामाला होती, त्यामुळे त्यांना मोडकीतोडकी हिंदी येत होती.

"इदर रोड?" त्यांनी विचारलं.

"हां, बाबा. इदर रोड."

त्यावर ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. थर्मासमधला गावा, म्हणजे त्यांची ती बिनदुधाची वेलदोड्याची कॉफी, त्यांनी मला दिली आणि माझा हात धरून मला त्या दगडांमधून फिरवलं. हा गोल म्हणजे तंबूची कड. वाऱ्याने कापड उडू नये म्हणून त्यावर ठेवलेले दगड. ही ओळ म्हणजे नमाजाची जागा. तिकडे शेळ्या बांधायच्या. आणि हे तीन काळे दगड म्हणजे चूल. थंडीत त्यांचं बिऱ्हाड इथे उतरायचं, उन्हाळा आला की किनाऱ्याकडे जायचं. तंबू उभारायचं काम बायकांचं असे. पुरुष जनावरांकडे बघायचे आणि बायका जागा मांडायच्या.

"ये सब मेरा माँ रखा," ते म्हणाले. मग काठीच्या टोकाने एकेक दगड दाखवत गेले. "ये माँ रखा. ये भी माँ रखा. ये बड़ा वाला, मैं पेट में था, तब रखा."

आईचा फोटो त्यांच्याकडे नव्हता. त्या काळी कुठला फोटो. कबरीवर नाव नव्हतं, तशी त्यांच्यात रीतही नाही. तंबू कधीच विरून गेला होता, भांडी भावाबहिणींत वाटली गेली होती. आईच्या हातचं जसंच्या तसं उरलेलं म्हणजे हे दगड. ती शेवटची इथून उठली तेव्हा दगड जिथे होते तिथेच ते अजून होते. लहानपणी ते रांगत कुठपर्यंत जायचे तेही त्यांना ठाऊक होतं, कारण आई त्या मोठ्या दगडापलीकडे जाऊ द्यायची नाही.

त्यांनी बलदियाकडे अर्ज दिला होता. बलदिया म्हणजे तिथली नगरपालिका. जुन्या वस्त्यांच्या, विहिरींच्या, बिऱ्हाडांच्या खुणा शोधून त्यांची यादी करायचं काम तिने नुकतंच हाती घेतलं होतं. जागा यादीत गेली की तिथे कुणी खणायचं नाही, रस्ता असेल तर वळवायचा. बलदियाची माणसं पाहणीला यायची होती. बाबांचं माझ्याकडे मागणं एवढंच होतं की ती माणसं येऊन जाईपर्यंत इथे मशीन घालू नका.

"इन्शाल्ला," मी म्हणालो. मग मला वाटलं, तिथे हा शब्द टाळायचं असलं तरीही वापरतात. म्हणून मी छातीवर हात ठेवून पुन्हा सांगितलं, "बाबा, वादा."

आणि मी तो पाळला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की मी बेपर्वा माणूस होतो. मी त्या पट्ट्यातलं काम पुढे ढकललं, कचेरीत खोटीनाटी कारणं दिली, प्रोजेक्ट मॅनेजरच्या शिव्या खाल्ल्या. बाबा दर दोन-तीन दिवसांनी यायचे. गावा प्यायचा, दगडांपाशी थोडं बसायचं, निघून जायचं. घरापासून इतक्या लांब मला रोज भेटावंसं वाटणारं एक माणूस मिळालं होतं. त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं मला मनापासून वाटत होतं. तिथेच घात झाला.

इथे माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. ते बांधकाम खात्यात मुकादम होते, सातारा जिल्ह्यातल्या एका रस्त्यावर. मोठा साहेब पाहणीला येणार असं कळलं की आमच्या घरात सणासारखी धावपळ सुरू व्हायची. मैलाचे दगड, पुलाचे कठडे, झाडांचे बुंधे, सगळ्यांना गेरू आणि चुना. रस्त्याकडेचे दगड दोरी धरून एका ओळीत लावायचे आणि त्यावर चुन्याचा हात फिरवायचा. मीही सुट्टीत ब्रश घेऊन वडिलांबरोबर जायचो. साहेबाची गाडी यायची, काच खाली व्हायची, साहेब मान डोलवायचा आणि गाडी पुढे जायची. वडिलांची छाती फुगायची. आमच्या गावच्या भैरोबाच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा जुना झिजका दगड काढून तिथे चकचकीत फरशी बसवली, गाभाऱ्याला ऑइल पेंट दिला आणि वर्गणीदारांची पाटी लावली. त्या पाटीवर वडिलांचं नाव आहे. जुन्या वस्तूची काळजी घ्यायची म्हणजे ती नवी करायची, हे मला कुणी शिकवलं नाही. मला दुसरं काही माहीतच नव्हतं.

गुरुवारी दुपारी बाबा आले ते हसतच. बलदियाची माणसं रविवारी सकाळी येणार होती. त्यांच्याबरोबर एक परदेशी बाई असणार होती, जुन्या जागांची जाणकार. बाबा गेल्यावर मी उठून त्या दगडांकडे गेलो आणि पहिल्यांदा साहेबाच्या डोळ्यांनी पाहिलं. काय दिसत होतं ते? अर्धे दगड आडवे पडलेले, गोल धड गोल नाही, मध्ये प्लास्टिकच्या बाटल्या, चुलीत काळी माती साठलेली. हे बघून कोण म्हणेल की इथे काही जपण्यासारखं आहे? मी मामूंना हाक मारली आणि चार माणसं घ्यायला सांगितली.

मामूंनी सगळं ऐकून घेतलं. मग कंगवा काढला.

"साहेब, म्हाताऱ्याने काय सांगितलान? गाडी घालू नका, इतकंच ना? चुना मारा म्हणून कुठं सांगितलान?"

"मामू, साहेब लोक येणार आहेत. असं उकिरड्यासारखं दाखवायचं का त्यांना?"

"जुनं हाय ते. जुनं तसंच दिसायचं. ऱ्हाऊ द्या, हात नका लावू."

"तुम्हाला काम करायचं नाही असं सरळ सांगा ना!"

हे मी बोलायला नको होतं. चाळीस वर्षं आखातात उन्हात उभं राहिलेल्या माणसाला मी कामचुकार म्हणालो. मामूंनी कंगवा खिशात ठेवला, चार माणसांना हाक मारली आणि स्वतः मात्र केबिनकडे निघून गेले.

मग मी कामाला लागलो, आणि काय सांगू, अगदी आनंदाने लागलो. मधोमध खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि त्या अर्धवट गोलाचा नीट गोल आखला. आडवे पडलेले दगड उभे केले. कमी पडले तिथे बाजूचे उचलून आणले. नमाजाची ओळ लाइनदोरी लावून सरळ केली. बाटल्या गोळा केल्या. चुलीतली काळी माती फावड्याने काढून लांब टाकून दिली आणि तीन दगड पुसून समान अंतरावर बसवले. शेवटी खोदाईच्या खुणा करायला ठेवलेला चुना पाण्यात कालवला आणि प्रत्येक दगडावर ब्रशने पांढरा हात दिला. चहूबाजूंनी फीत लावली. चार तास लागले. माझं टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं यंत्र, केबिनमध्ये पेटीत होतं. पन्नास पावलांवर. दगड हलवण्याआधी ते लावून एकेकाचं रीडिंग घ्यायला अर्धा तास पुरला असता. मी आयुष्यात साधं मॅनहोलचं झाकण रीडिंग घेतल्याशिवाय हलवलेलं नाही.

संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते सगळं फार सुंदर दिसत होतं. मी अकरा फोटो काढले आणि बायकोला घरी पाठवले. ती म्हणाली, "छान आहे हो, अगदी बागेसारखं." मला त्या रात्री गाढ झोप लागली.

रविवारी बाबा सगळ्यांच्या आधी आले. अंगात इस्त्रीचा पांढरा पायघोळ थोब, खजुरांचा डबा, दोन थर्मास. ते गाडीतून उतरले आणि फितीपाशी येऊन उभे राहिले.

"ये कौन किया?"

"मैंने किया, बाबा. आपके लिए."

त्यांनी पुन्हा दगडांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "शुक्रन." दारी आलेल्या पाहुण्याने काहीही आणलं तरी त्याचे आभार मानायचे, या रीतीने म्हणाले. मी मूर्ख, मला ते खरं वाटलं.

बलदियाचा अधिकारी तिशीतला, हसरा. बरोबरची बाई ऑस्ट्रेलियन, पन्नाशीची, उन्हाने रापलेली, डोक्यावर मोठी टोपी. ती गाडीतून उतरून झपझप चालत आली आणि दहा पावलं अलीकडेच थांबली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं मला लांबूनही कळलं. फितीच्या आत ती आलीच नाही. बाहेरूनच गुडघे टेकून तिने एका दगडाकडे खालून पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

"हे कुणी हलवलं?" तिने इंग्रजीत विचारलं.

मी सांगितलं. यावेळी छाती फुगली नव्हती.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मलाही उलट ओरडता आलं असतं. तिने मला जवळ बसवून घेतलं आणि दाखवलं. वर्षानुवर्षं एका जागी पडलेल्या दगडाची वरची बाजू उन्हाने काळवंडते आणि खालची फिकट राहते. इथे चुन्याच्या खालून फिकट बाजू वर आलेली दिसत होती. दगड आडवा पडला होता तर तो का पडला, कुठल्या दिशेला पडला, त्यावरूनही काही कळतं. चुलीत काय होतं, असं तिने विचारलं. मी म्हणालो, काळी माती होती, काढून टाकली. तिने डोळे मिटून घेतले. ती राख होती, ती म्हणाली. इथे कुणाची चूल किती काळापूर्वी पेटत होती ते त्या राखेने सांगितलं असतं.

मग तिने मला तिच्याकडचं सांगितलं. ती एका लहान शहराच्या नगरपालिकेत कामाला होती. तिथल्या आदिवासींनी फार जुन्या काळी मांडलेले दगड त्या नगरपालिकेच्या हद्दीत आहेत, माळावर, असेच बुटके. नगरपालिकेने ते आपल्या नकाशात नोंदवले आहेत. तिथे गवत कापायचं असलं तरी आधी त्या जमातीतल्या वडीलधाऱ्यांना बोलावतात. ते येऊन उभे राहतात, इथे चाला, इथे चालू नका, असं सांगतात आणि मगच माणूस पाऊल टाकतो. "आमच्याकडेही एकदा अशीच साफसफाई झाली होती," ती म्हणाली. "चांगल्या मनाच्या लोकांनी केली होती. त्यानंतर आमच्या नगरपालिकेने हा नियम केला."

"मी पुन्हा होते तसे लावून देतो," मी म्हणालो.

"होते कसे?" तिने विचारलं. "हलवण्याआधीची मोजणी आहे तुमच्याकडे? तुम्ही सर्व्हेअर आहात ना? तेवढी असेल तर मी यांच्याशी भांडेन. सगळे दगड परत जागेवर ठेवता येतील."

मी केबिनमध्ये जाऊन नकाशा आणला. तिने तो उलगडला, बोट फिरवलं आणि तो ठिपका शोधून काढला. एक ठिपका. दगड. खाली माझी सही. फोटो आहेत का, म्हणाली. मी अकरा फोटो दाखवले. अकराही चुना लावल्यानंतरचे.

अधिकाऱ्याने बाबांना अरबीत समजावून सांगितलं. जागा न हललेली असेल तरच यादीत घेता येते, नव्याने मांडलेली घेता येत नाही. तो फार अजिजीने बोलत होता, त्याचा हात बाबांच्या खांद्यावर होता. बाबा मान डोलवत ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी आधी खजुरांचा डबा उघडला आणि सगळ्यांना एकेक खजूर दिला. मलाही दिला.

पुढच्या आठवड्यात मी जमेल ते सगळं केलं. टाय न लावताच वेस्ट बेला गेलो आणि प्रोजेक्ट मॅनेजरच्या हातापाया पडलो की सर्व्हिस रोड थोडा सरकवा. तो म्हणाला, तुझ्याच नकाशात तिथे दगड लिहिलंय, दगडासाठी रस्ता सरकवू? खलास. मी त्याच्यावर ओरडलो, पण खरं म्हणजे तो बरोबर होता. रोज दुपारी मी दगडांपाशी जाऊन आठवायचा प्रयत्न करायचो. आश्चर्य म्हणजे मला काही आठवत नव्हतं. इतके दिवस मी तिथे बाबांबरोबर बसलो, गावा प्यायलो, पण मी दगड पाहिलेच नव्हते, फक्त त्यांचा वाकडेपणा पाहिला होता. मामूंची माफी मागितली. ते म्हणाले, "मला कशाला सांगता साहेब? मला पण थांबवता आलं असतं. रागाने केबिनीत जाऊन बसलो." मग तेही माझ्याबरोबर येऊन आठवू लागले. एका दगडावरून आमचं पुन्हा भांडण झालं, तो उत्तरेला होता की दक्षिणेला यावर. दोघांनाही खात्री नव्हती.

बलदियाचं पत्र आलं, काम सुरू करायला हरकत नव्हती. मशीन घालायच्या आदल्या सकाळी बाबा आले आणि म्हणाले, चुलीचे तीन दगड तेवढे मला शेतावर नेऊ दे. मी आणि मामूंनी ते पिकअपमध्ये चढवले. बाबांनी मलाही गाडीत बसायला सांगितलं.

शेतावर एका निंबाच्या झाडाखाली त्यांनी जागा साफ करून ठेवली होती. त्यांची नात शाळेच्या कपड्यांतच बाहेर आली, दहा-अकरा वर्षांची. दगडांवरचा चुना मी घासून काढला, पण खाचांमध्ये थोडा राहिलाच. बाबा उकिडवे बसले, एक दगड दोन्ही हातांनी धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम मशीन वाला. सब नापता," ते म्हणाले. "बोलो, ये किदर था? माँ कैसा रखा था?"

त्यांना बारीकसारीक आठवत नव्हतं. सत्तर वर्षांत आठवावं लागलंच नव्हतं, कारण दगड जागेवर होते. आणि माझ्याबद्दल त्यांची अजून खात्री होती. मी मोजणारा माणूस आहे, मी हलवले तेव्हा मला ते माहीत असणार, असं त्यांनी धरलं होतं. मी म्हणायला हवं होतं की बाबा, मला माहीत नाही. मी तोंड उघडलं. त्यांचे हात त्या दगडावर होते, मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि माझ्या तोंडून ते निघेना.

मी बोट दाखवलं. "ये इदर, बाबा. थोड़ा टेढ़ा. ये इस साइड. और तीसरा वाला पीछे."

त्यांनी तिन्ही दगड मी सांगितले तसे बसवले. एक सारखा हलत होता, त्याच्याखाली त्यांनी खडा लावला. मग मागे सरून पाहिलं आणि त्यांचा चेहरा इतका हलका झाला, की मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. त्यांनी नातीला जवळ ओढलं, तिचा हात धरून एकेका दगडावर ठेवला आणि अरबीत तिला काहीतरी सांगू लागले. ती वाकून बघत होती, मान हलवत होती. मला अरबी फारसं येत नाही, पण तेवढं कळलं. तुझ्या पणजीने हे असेच मांडले होते, असं ते तिला सांगत होते. ते मी मांडले होते.